पाद्र्यांचं भुयार

—नाही नाही, डॉक्टर, तो शब्द पुन्हा नको, निदान माझ्या पबमध्ये तरी नको, पलीकडच्या खोलीत लोक जेवताहेत. आमच्या भुयाराला मोरी म्हणा हवं तर. आता आठशे वर्षांपूर्वी तिथं दहा पाद्री एका छपराखाली राहायचे म्हटल्यावर ते कुठंतरी जातच असणार, एवढं आम्हालाही कळतं — पण म्हणून आज संध्याकाळी अख्ख्या गावासमोर, पडद्यावर चित्र लावून दाखवणार तुम्ही? इतकं खोदलंत, एक भुयार नाही सापडत तुम्हाला? पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय आम्ही, पाद्री त्यातून नन्सच्या मठात जायचे. काय? मठ नदीपलीकडे? मग काय झालं, ओढ असली की माणूस जातो! आणि बाहेरची पाटी बघितलीत ना — पाद्री कंदील घेऊन वाकून चाललाय. आता काय, कंदील काढून त्याच्या हातात कागदाची गुंडाळी देऊ?

शिवाय सिरिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला मागणी घातली ती तिथंच. गुडघ्यावर बसला, उठताना डोकं असं आपटलं की मी घाबरूनच हो म्हणाले. त्याला माहीत होतं म्हणा. नळाची कामं करायचा, उतार बघूनच ओळखलं त्यानं. सांगितलं मात्र लग्नानंतर! आठवडाभर बोलले नाही मी. तर म्हणतो कसा, ‘ऑड्री, पाद्र्यांनी वापरलेली जागा, पवित्रच की!’ — असा माणूस. आता दोन वर्षं झाली जाऊन. शेवटी म्हणाला, मला तिथंच ठेव, म्हणून मग मी — काही नाही. सायडर घ्या ना, गरम होईल. कुठं ठेवलं म्हणजे? चर्चच्या आवारात, आणखी कुठं... बरं, नाही तिथं. राख हो, थोडीशी. सगळी. चर्चच्या व्हिकरबाईंना काही बोलू नका. आणि माझी नणंद, म्युरिएल, ती पहिल्याच रांगेत बसणार आज. भावाला भुयारात ठेवला हे एक वेळ पचवेल ती, पण संडासात? बघा, मलाच बोलायला लावलंत तो शब्द!

काय म्हणालात? राखेचा थर? तळाशी? पाद्र्यांच्या चुलीतली... चौदाव्या शतकातली... आणि प्रयोगशाळेत पाठवायची म्हणून ही पिशवी —

नको, हात लावू नका. मी घेते. इकडे द्या.

एवढासाच?

जा तुम्ही, डॉक्टर. हॉलमध्ये काय सांगायचं ते सांगा. जाताना दार ओढून घ्या — आम्ही दोघं बसतो जरा.