टीव्हीतली वाढणारी

कोराडीच्या बसची रांग हलत नव्हती. माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या, एक तरुण, एक म्हातारी.

"तुळजामावशी, कुठं निघाल्या?"

"कोराडीले. गिरिधरशी भांडाले."

"पोराशी भांडाले डबा घेऊन?"

"ऐक वं अनुसया. एकटीले करमत नाही म्हणून त्यानं मले व्हीसीआर आणून देला. आमच्या नीलाच्या लग्नाची कॅसेट पाहिली न तू? पंगतीत मी पुऱ्या वाढून राहिली अन् कॅमेऱ्यात पाहून म्हणते, 'घ्या न, एकानं काय होते?'"

"हो."

"तर जेवाच्या टाइमाले ते कॅसेट लावून मी ताट घेऊन टीव्हीतल्या तिच्यासमोर बसतो. नाही नाही म्हणता एक पोळी जास्तच जाते. लय जिद्दी बाई आहे."

"मावशी, ते तुम्हीच आहा!"

"म्हणून का माझं ऐकते? काल पुऱ्या केल्या, दुसरं ताट मांडलं. म्हटलं, बाई, रोज वाढता, आज तुम्ही पण बसा."

"बसली?"

"मी बसा बसा करून राहिली, ते घ्या घ्या करून राहिली. तेवढ्यात लाइट गेली."

"मंग गिरिधरभाऊशी काहून भांडता?"

"लाइटीच्या कारखान्यात तोच तं आहे! सांगून येतो, बाबा, माय जेवाले बसली का लाइट घालवत नको जाऊ."

"अन् डबा?"

"तिच्या वाट्याच्या पुऱ्या राहिल्या न. त्याले वाढतो. भूक नाही म्हणंन तो. म्हणू दे. एकानं काय होते?"