आतनं कडी

(मलकापूर. गौसचं शिलाईचं दुकान. दुपार.)

शालूबाई : आधी मशीन थांबीव, गौस. एवढं ऐक, मग त्यो टेरिलीनचा सदरा शिव.

गौस : ऐकतोय आक्का. पण माझं ठरलंय. हाफिजाची शाळा बंद. पाचवीत पैली आली लेक माझी, आन सहावीत दिवाळीपास्नं रोज नवं दुखणं. आज डोकं, उद्या पोट. तिच्या आईला, रोशनबीला, विचारलं तर ती मान खाली घालती. शाळा भर बाजारात. वाटंवर टवाळ पोरं बसत्यात. बापाला काय कळत न्हाय व्हय?

शालूबाई : कोण पोरगं हाय असं वाटतंय तुला.

गौस : वाटतंय. झोप उडालीया माझी.

शालूबाई : कोण न्हाय. तुझी बायको तुझ्याशी बोलायला लाजती, म्हणून मी शेजारीण आले. परवा हाफिजा प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. मी आन रोशनबीनंच जाऊन घरी आणली. घरात तांब्याभर पाणी एका दमात प्याली. म्हटलं, शाळंत पाणी न्हाय व्हय गं? तर म्हणली, हाय, पण मी पीत न्हाय.

गौस : का?

शालूबाई : प्यालं की मुतायला लागतं. आन जायाचं कुठं? पोरं भिंतीमागं जात्यात. पोरींना जागाच न्हाय. घरी येस्तवर दम धरत्यात बिचाऱ्या. त्यात आता ही शाणी झालीया. महिन्याच्या त्या दिसांत काय करावं तिनं? सदऱ्याकडं बघू नगंस, माझ्याकडं बघ.

गौस : मीबी त्याच शाळंत शिकलो की. कधी ध्यानातच आलं न्हाय.

शालूबाई : तू पोरगा हुतास.

गौस : म्हंजे... तिला कोण त्रास देत न्हाय?

शालूबाई : न्हाय रं बाबा.

गौस : या अल्ला. आन मी रोशनबीला काय काय बोललो.

शालूबाई : ते घरी गेल्यावर तिला सांग. म्होरलं ऐक. आज सकाळी पोरीला घिऊन मी वढ्यापलीकडच्या शाळंत गेलते.

गौस : ती पत्र्याची? आक्का, तिथनं कोण स्कॉलरशिपला बसत न्हाय. आपली दगडी इमारत, सातवीचा निकाल बघा की.

शालूबाई : बघितला. तिथं हेडबाई हायत. मी विचारलं, पोरी जात्यात कुठं? तशा त्या आम्हाला मागच्या अंगाला घिऊन गेल्या. दोन खोल्या, पत्र्याची दारं, आतनं कडी. हाफिजा आत गेली, कडी लावली, काढली, परत लावली. भाईर आली आन बाईंना म्हणली, "मी आजपास्नंच बसू?"

गौस : मग?

शालूबाई : मग काय, बसलीया. तेवढा दाखला आणा म्हणल्या.

गौस : दाखला काढायचा तर कारण सांगाय लागंल. हेडमास्तर म्हंजे माझेच गुरुजी. त्यास्नी काय सांगू?

शालूबाई : जे हाय ते.

गौस : व्हय. सांगतो. पण आक्का, तुमची नात, अंबू, तीबी आपल्या दगडी शाळंतच हाय न्हवं? ती काय म्हणती?

शालूबाई : काय म्हणत न्हाय. शाळा सुटली की पळतच येती. दप्तर उंबऱ्यात टाकती आन आधी मोरीत. मला वाटायचं, पोरीला घराची लई वढ हाय.

गौस : ...मग उद्या दोन दाखले मागूया.