कोचीला जाऊन काय बगितलं

…आता कोन म्हनतो मी मुद्दाम केलं? नाय ओ नाय! तुमाला सांगते, माजा दोष एवडासा पन नाय. मी फिरायला गेलेली हो, फिरायला! नवी साडी, डोक्यात गजरा, पायात सँडल… ती पन चावरी!

झालं काय, आमची पोरगी स्नेहा बोईसरला कंपनीत कामाला हाय. तिचं एकच, "आई, जन्मभर तू नवापूरचा किनारा आणि बोईसरचा मासळीबाजार, याच्या पलीकडे बघितलंस काय? मी तुला कोची दाखवते. जुनं शहर आहे, राजवाडा आहे. पण शपथ घे, तिथं मासळीचं नाव काढायचं नाही!" घेतली! देवीची शपथ घेतली! होडीचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं, म्हनून माजा नवरा गोमा पन मोकळाच. निगालो तिगं.

शहर छान हाय, खोटं कशाला बोलू? मोठाली झाडं, पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडाच्या खिडक्या, गल्लीत शिरलं की मिरी-वेलचीचा वास… स्नेहा पुडं, हातात फोन, "आई, हे डच लोकांचं, आई, हे पोर्तुगीजांचं." मी म्हनते, हां बाय, हां. नि वळलो तर समोर काय? दर्या! नि दर्यावर ही एवडी थोरली जाळी, लाकडांवर टांगलेली, दोरीला दगड बांदलेले, चार-पाच बाप्ये वडतायत. "ही चिनी जाळी," स्नेहा म्हनली, "बाबा, फक्त लांबून बघा हं…" बाबा हाय कुटं? चपला काडून दोरीला लागला पन! त्यांची भाषा ह्याला येत नाय, ह्याची त्यांना नाय, पन दोरी वडायला भाषा कशाला लागते?

"तू बाबांना बोलाव, मी रिक्षा आणते, राजवाडा बंद व्हायच्या आत पोचायचंय," असं म्हनून पोरगी गेली. नि मी? सँडल चावत व्हती म्हनून जरा टेकले. एक म्हातारा मासळी घेऊन बसलेला, त्याच्या बाजूची फळी रिकामी. मासळी बगायला नाय हां, टेकायला! मी फिरायला गेलेली हो!

तर तो म्हातारा मला करंगळी दाखवतो. मग पाटीकडं बोट करतो. नि गेला! आता आमच्या बाजारात रीतच हाय, शेजारीन उटली की तिची पाटी आपली. तिच्याच भावानं इकायचं, घार-मांजर हाकायचं, ती आली की पैसे तिच्या हातात. पन ह्या म्हाताऱ्याला काय ठाऊक मी कोन? माज्या तोंडावर लिवलंय काय? मग नवी साडी नेसून उपेग काय झाला, सांगा!

तेवड्यात आमच्यासारकंच फिरायला आलेलं एक जोडपं आलं. "आंटी, फ्रेश है क्या?"

फ्रेश है क्या! जन्मभर ऐकलेला सवाल हो! तोंड आपोआप सुटलं, "एकदम फ्रेश, भाभी! कल्ला उठाके देखो, लाल लाल!" भाव म्हाताऱ्याचाच, मगाशी एका गिऱ्हाईकाला त्यानं बोटांवर दाखवलेला. घेतली की त्यांनी, बाजूच्या टपरीवर तळून खायला! मागून दुसरे आले, तिसरे आले… म्हातारा काय येत नाय. करंगळी दाखवून गावाला गेला का काय? पदर कदी खोचला, सुरी कदी हातात आली, देवाशप्पथ ठाऊक नाय!

नि रिक्षातून स्नेहा. "आई!! अगं, मी रिक्षा आणायला गेले तेवढ्यात तू दुकान मांडलंस? ऊठ आधी!"

"अगं, कशी उटू? दुसऱ्याचा माल उगडा टाकू? ती मांजरं बग, टपलीत!"

पोरीच्या डोळ्यांत पानी आलं हो. "मला तुला एकदा तरी बाईसाहेबासारखं फिरवायचं होतं," म्हनली. म्हटलं, जाऊ दे मेली मासळी. उटले! खरंच उटले! तर एक बोका चडला फळीवर… नि हाकलला कोनी? स्नेहानं! रिक्षावाल्याला हातानं 'जा' केलं, ओडनी कमरेला बांदली, "सरक आई. तू काप, पैसे मी घेते." लहानपनी सुट्टीत बसायची तशी मांडी ठोकून बसली. हसू का रडू, मला कळंना.

शेवटी आला म्हातारा. हातात चाय, एक त्याला, एक मला! रिकामी पाटी नि स्नेहानं हातात ठेवलेले पैसे बगून बोळकं पसरून हसला, नि ओल्या फडक्याखाली राखलेला एक मासा काडून माज्या हातात दिला. त्या माशाचं नाव मला आजपन ठाऊक नाय. त्याच टपरीवर तळून घेतला, तिगांनी खाल्ला. गोमा नखशिकांत भिजलेला, हाताला दोरीचे वळ, नि खुशीत किती! स्नेहा म्हनली, "आई, चव चांगली आहे गं." मला तेवडंच पुरे.

राजवाडा? बंद! नि दुसऱ्या दिशी सकाळी परतीची गाडी.

आता इथं जो तो विचारतो, "नलू, एवडी कोचीला गेलेली, राजवाडा कसा हाय?" काय सांगू, कपाळ! मी म्हनते, "राजवाड्याचं नाय बाय ठाऊक… पन गिऱ्हाईक सोनं हाय, घासाघीस करत नाय!"