दुसरीचा हात पोचेल एवढं

फिटर : बाई, हा डिजिटल बोर्ड बिघडलेलाच नाही.

बाई : असं कसं? तक्रार मी स्वतः लिहिलीय. ‘मुलांनी हात लावल्यास चालत नाही.’ जरा नीट बघ तरी.

फिटर : बघितलं. माझ्या बोटाला पळतोय. पोरं कशानं हात लावतात?

बाई : फूटपट्टीनं.

फिटर : फूटपट्टीनं!

बाई : हसू नकोस. दुसरीची पोरं ती. त्यांचा हात तिथवर पोचतो का?

फिटर : अहो, ही काच बोट ओळखते. कातडी. लाकडाला ती काय म्हणून दाद देईल? सहा महिने पोरं याला पट्टीनं ढोसतायत आणि तुम्ही बोर्डावर चिडताय.

बाई : पोरांवरही चिडले. खोटं कशाला बोलू.

फिटर : पण एवढा उंच टांगला कुणी? पंखा आहे का हा?

हेडसर (आत येत) : मी टांगायला लावला. पोरांचे हात लागू नयेत म्हणून. ए पोरी, झालं का दुरुस्त? तीन वाजता तपासणीच्या मॅडम येतायत. आणि बाई, तो तक्ता भरलात? ‘वर्गातील तंत्रज्ञान वापराची पातळी.’ चौथीवर खूण करून टाका.

फिटर : पातळी म्हणजे?

बाई : पाच आहेत. पहिली म्हणजे वस्तू आणली आणि झाकून ठेवली. दुसरीत बाई दाखवतात, पोरं बघतात. तिसरीत पोरं सांगितलं तेवढं करतात. चौथीत आपल्या मनानं करतात.

फिटर : आणि पाचवी?

बाई : पाचवी मी वाचलीच नाही. आमचं गाडं दुसरीत अडलंय.

हेडसर : दुसरी लिहिलीत तर बोर्ड गेला. तिसरीच्या खाली असेल तर उचलून दुसऱ्या शाळेला देणार, तसं पत्रच आहे.

बाई : माहितीय. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, फळ्यापुढे तोंड म्हणून उघडत नाही. पण हा बोर्ड लावला की फूटपट्टी मागायला पहिली तीच येते. तिला काय सांगू मी?

हेडसर : म्हणून तर म्हणतो, चौथी. सोय केलीय मी. सातवीतला तो लंबू आज दुसरीत बसेल. मॅडम आल्या की उठून बोट लावेल.

फिटर : मघाशी दारात दिसला तो? मिशा फुटल्यात त्याला, सर.

हेडसर : मागच्या बाकावर बसवू.

फिटर : म्हणजे हात लागू नयेत म्हणून वर टांगायचा, आणि लिहायचं काय, तर पोरं हात लावतात! सर, तुमचा तरी पोचतो का? ते वरचं पिवळं बटण दाबून दाखवा.

(हेडसर टाचा उचलतात. बोट पोचत नाही.)

हेडसर : बूट सपाट आहेत आज.

फिटर : अडीच फूट खाली घेते. तासाभराचं काम आहे. डबे खाऊन होईस्तोवर उरकेल.

हेडसर : अजिबात नाही. पोरं फोडतील.

फिटर : फोडतील, फोडतील! हेच ऐकत मोठी झाले मी. बाई, तुम्हाला आठवत नसेल. आठवीत कॉम्प्युटरच्या खोलीत आम्हाला रांगेत उभं करायचात. चपला बाहेर, हात मागे. वीस मशीन, वीसच्या वीस प्लास्टिकच्या कव्हरात. मी एकाचं काढलं.

बाई : आठवतंय, भिंगरे. मी तुला बाहेर काढलं.

फिटर : नुसतं कव्हर काढलं होतं. बटणसुद्धा दाबलं नव्हतं.

बाई : मला वाटलं, दोन दिवसांनी परत येशील.

फिटर : मला वाटलं, बोलवाल.

हेडसर : हे सगळं आत्ता कशाला? अहो, तीन वाजता...

बाई : सर, तिला बोर्ड खाली घेऊ द्या. फुटला तर माझी जबाबदारी. लिहून देते.

हेडसर : आणि तक्ता?

बाई : दुसरी. सकाळपर्यंत दुसरीच होती. पुढचं मॅडम स्वतःच्या डोळ्यांनी बघतील.

हेडसर : आणि ऐनवेळी पोरांना नाही जमलं तर?

बाई : तर जाईल बोर्ड. पण निदान पोरांचा हात लागून जाईल.

फिटर : सर, मग तिकडचा कोपरा धरा. मला एकटीला नाही पेलायचा.

हेडसर : मी?

फिटर : नाहीतर लंबूला बोलवा. बिचाऱ्याला काहीतरी खरं काम मिळेल.

हेडसर : ...बोलावतो. मीही धरतो. सावकाश हं. भोकं मोठी पाडू नकोस.

फिटर : भोकं स्क्रूच्या मापाची पडतात सर, माझ्या मर्जीची नाही. तोंडावर रुमाल धरा, भुगा उडेल भिंतीचा... हां. लंबू, टेकव आता. थांबा, सोडू नका, पाणसळ ठेवते वर. बुडबुडा मधोमध यायला हवा. सर, तुमची बाजू खाली गेलीय.

हेडसर : माझी कशी जाईल?

फिटर : बुडबुडा सांगतोय, मी नाही. थोडं वर. अजून. बास.

बाई : आली का पातळी?

फिटर : बोर्डाची आली. तुमच्या तक्त्याचं मला विचारू नका.

हेडसर : घंटा झाली. पोरं येतील. बाई, बाकं मागे घ्या, नाहीतर आल्या आल्या चढतील त्याच्यावर.

बाई : चढू देत. भिंगरे, आधी तू लाव हात.

फिटर : मी? लावला की मघाशी. आणि आता हाताला नुसता चुना लागलाय.

बाई : मघाशी दुरुस्तीसाठी लावलास. आता नुसताच लाव.

फिटर : ...चालतोय. थांबा, पाच बोटं उठली काचेवर. पुसते.

बाई : राहू दे. पोरांना कळेल, कुठे हात लावायचा ते.