लिंबाजीची ड्राय वाईन

थुंका की साहेब, लाजू नका — बादली त्याच्यासाठीच ठिवलीय, चाखणारे थुंकतेतच, मला ठावं हाय. पण पाणी कशाला मागायलात? चूळ भरायलात? जरा कडक लागली असंल. ड्राय हाय ना! साखरंचा कणबी शिल्लक ठिवत न्हाई मी. आमच्या जिंतूरकडं फळाची वाईन म्हंजी सरबत वाटतं लोकायला — मलाबी तसंच वाटायचं. मग शेतकऱ्यांच्या सहलीत हिमाचलला गेलतो, तिथं एका बाईनं आलुबुखाऱ्याची पाजली. गोड न्हाईच! जीभ कोरडी पडली, अन् घोट गिळल्यावर मागून फळ आलं, सावकाश. म्हणलं, लिंबाजी, आपल्या बांधावर बारा जांभळं हायेत, दरसाल सडा पडून वाया जायलाय. परवान्यासाठी तीन वरीस चकरा मारल्या — जाऊ द्या ते. घ्या, दुसरा गलास घ्या. आधी तुरट लागंल, मग मिऱ्याचा वास, मग — लिवून घेईनात तुमी? नाशिकला धाडलेल्या बाटलीत तर हे समदं घावलं व्हतं तुमाला. फोनवर तुमीच म्हणलात, आडबाजूच्या गावच्या वाईन हुडकत फिरतो, पण अशी न्हाई प्यालो. ती? ती तीन वर्सामागची. ही गेल्या सालची.

काय? सिरका झालाय? आंबून गेलीय?

न्हाई हो... थांबा, वास घेतो — काय घेऊ, डोंबल! साहेब, दोन वरीस झाले, तापात पडलो व्हतो, तवापसून नाकाला वास न्हाई, जिभंला चव न्हाई. भाजीत मीठ जादा का कमी, कळत न्हाई मला. साखर उरली किती, ती काचेच्या नळीवर मोजता येती, पण आंबली का, ते कशावर मोजू? डॉक्टर म्हणले, चव यील, न्हाई तर न्हाईबी येणार. आत्ता तुमाला तुरट, मिरी सांगलो ना — ते जुन्या वहीतलं. पाठ केलंय. अन् दुसऱ्या कुणाला चाखाया लावू? गावात पिणारे लय, त्यायला समद्याच झ्याक. शेवटी कस्तुराला म्हणलं — माझी मंडळी. माळकरी हाय, जन्मात थेंब शिवली न्हाई. तीन दिवस बोलली न्हाई माझ्यासंगं. चौथ्या दिवशी न्हाली, गळ्यातली माळ काढून देवाम्होरं ठिवली, चमचाभर घेतली. डोळ्यात पाणी आलं तिच्या. म्हणली, ‘लय झ्याक झालीय वो.’ मी नाचायचाच बाकी! चारशे बाटल्या भरल्या, तिच्या एका शब्दावर. तिला काय ठावं साहेब, वाईन कशी लागती... का ठावं व्हतं? तीस वरीस लोणचं घालायलीय ती — आंबलेलं तिला कळत न्हाई व्हय? अन् माळ तवापसून घातली न्हाई तिनं. म्हणती, परत लागंल ना तुमाला, कोण चाखंल?

आली. चहा घिऊन आली. सिरका म्हणू नका तिच्याम्होरं — काईच म्हणू नका. ये कस्तुरा... न्हाई, चहा नको त्यायला, गडबड हाय त्यायची. निघा साहेब. निघा तुमी.