आत्याचा दिवा आणि माझी ट्रॅकची गाडी

स्पोर्ट्स कार ती स्पोर्ट्स कार, त्यात कसला फरक, असं म्हणणाऱ्याला मी सरळ आमच्या आत्याकडं पाठवतो.

घटस्थापनेला ती तुळजापूरहून तामलवाडीजवळच्या वस्तीवर ज्योत नेते. पायी न्यायची आणि वाटेत विझू द्यायची नाही, हा नेम. यंदा गुडघा सुजला, म्हणून माझ्या गाडीत बसली. मांडीवर परात, परातीत पेटता दिवा. काचा बंद, एसी बंद, नुसता घाम.

हायवेला ज्योत हललीसुद्धा नाही. वस्तीच्या रस्त्याला पहिलाच खड्डा लागला आणि तेल परातीत सांडलं. ज्योत पार वातीला टेकली.

"आरं, विझंल की! एवढी म्हागाची गाडी अन् दगडागत आदळती?"

"आत्या, हिचं सस्पेन्शन शर्यतीच्या ट्रॅकचं आहे. ट्रॅक सपाट असतो. वळणावर गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंगा कडक ठेवतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला जरा मऊ असतात, त्या खड्डा गिळतात."

"मग इथं काय ट्रॅक हाय व्हय?"

पुढं गतिरोधक. "थांब," म्हणाली, परात घेऊन उतरली आणि लंगडत पलीकडं गेली. मी गाडीचं पोट खरवडत मागनं. पुढं परत खड्डा, परत उतरली. शेवटी बसलीच नाही. हाताच्या आडोशात ज्योत घेऊन ती पुढं, पहिल्या गिअरवर गाडी घेऊन मी मागं.

वस्तीवर शेजारणीनं विचारलंच, "आक्का, यंदा गाडीतनं आणली व्हय?"

"न्हाय गं," आत्या म्हणाली, "पायीच आणली. वर ही गाडीबी सांभाळून आणली."