खुडूक कोंबडी अन् रोडगे

रोडग्याच्या पार्टीले मले आता कोणी गोवऱ्या आणायले सांगत नाही. काऊन, ते आयका.

आमची सारी गल्ली ट्रॅक्टरनं नळगंगेच्या काठी रोडगे करायले निघाली. गोवऱ्या आणायचं आमच्याकडे होतं. पण माहं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुडूक झालेली माही कोंबडी कालपासून गायब होती. मांजरीनं नेली का मुंगसानं, काही समजेना. वाटंनं घडीघडी सासूबाईले फोन लावला, "सापडली काय वो?"

शेवटी त्या चिडल्या, "कोंबडीसाठी मले सांदीकोपरे हुंगायले लावतं काय?"

आमचे हे म्हणे, "चूप बस ना आता! लोकं हासून राह्यले."

नदीवर बायायनं रोडग्यासाठी कणकीचे गोळे वळून परात भरली. आमच्या ह्यायनं विस्तव करायले गोवऱ्यायच्या टोपल्यावरचा बारदाना ओढला, अन् आतून चोच आली! माही कोंबडी गोवऱ्यायवर अंग फुगवून, अंडे पोटाखाली घेऊन बसेल होती. सकाळी अंधारात ह्यायनंच ते टोपलं ट्रॉलीत चढवलं होतं.

मी आडवी झाली, "कोणी हात लावू नका! उठली तर अंडे वाया जातीन."

"मंग रोडगे कायच्यावर भाजाव?" हे म्हणे.

मी काही हटली नाही. सारे भुकेले, अन् कोंबडी आमच्याकडे पाहून राह्यली. तवा माह्या जाऊबाईनं रोडग्याची परात उचलली अन् माह्यापुढे आदळली.

"घे, हे बी ठेव तिच्याच पोटाखाली. पिल्लं निघतीन तवा आमी जेवू!"